टाकीवरचा ठिपका

१

फोल्डर उघडला आणि मी मोजायला लागले. आत सात ताव असायला हवे होते. सहाच होते.

"पुन्हा मोजा," साहेब, म्हणजे आमच्या संस्थेचे संचालक, म्हणाले.

मोजले. पुन्हा मोजल्यानं कागद काही वाढत नाहीत. नेमका सगळ्यात जुना, एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा, क्रमांक सहाशे अकरा गायब होता.

आमच्या संस्थेत वाळवलेल्या झाडांचा संग्रह आहे. कुणीतरी रानातून फांदी आणतं, ती दाबून वाळवली जाते, मग जाड कागदाच्या तावावर चिकटवून कोपऱ्यात चिठ्ठी लावतात: झाड कोणतं, कुठे मिळालं, कधी, कुणाला. असे सत्तर हजार ताव लोखंडी कपाटांत पडून आहेत. चिकटवायचं काम माझं, गेली बावीस वर्षं. म्हणून लहानथोर सगळे मला डिंकताई म्हणतात. माझी काही तक्रार नाही, यापेक्षा वाईट नावं ऐकली आहेत मी.

हरवलेल्या तावावर फासवेल होती. बाहेरच्या मुलखातून आलेली, पिवळ्या फुलांची, दिसायला लाघवी आणि गुणानं कजाग. झाडावर चढते आणि दोन-चार वर्षांत झाडाचा जीव घेते. आमच्या जिल्ह्यात तिनं फळबागांच्या फळबागा मारल्या आहेत. ती आली कुठून, पसरली कशी, हे शोधायला संस्थेनं जुन्या तावांवरून एक नकाशा केला. जिथे वेल सापडली तिथे ठिपका. सगळ्यात जुना ठिपका म्हणजे सहाशे अकरा, आणि तो पडला थेट माझ्या वडिलांच्या रोपवाटिकेवर.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. रोपवाटिका आता माझी धाकटी बहीण चालवते. नकाशा बाहेर आल्यापासून लोक तिच्या फाटकावर दगड मारतात. 'बापानं विष पेरलं' असं तिच्या तोंडावर म्हणतात. येत्या शुक्रवारी जिल्हा समितीपुढे सुनावणी होती. समितीनं नकाशा मान्य केला की परवाना रद्द, आणि सगळी रोपं उपटून जाळायची. बाबांनी लावलेली, कलमांसाठी फांद्या देणाऱ्या मातृवृक्षांची ओळसुद्धा. धाकटीनं एकच मागणी केली होती, "तो मूळ कागद आमच्यासमोर ठेवा." आणि आज बुधवारी तो कागद काढायला गेलो, तर हे असं.

साहेब माझ्याकडे बघत होते. कपाटांच्या चाव्या तिघांकडे असतात, त्यांतली एक माझ्या कमरेला होती.

२

"ती असं करणार नाही," प्रमुखबाई म्हणाल्या. "मी ओळखते तिला."

प्रमुखबाई म्हणजे संग्रहाच्या प्रमुख. साठीला टेकलेल्या, इस्त्रीच्या साडीसारख्या कडक. त्यांचे वडील, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, त्यांनीच हा संग्रह उभा केला. गेल्या वर्षी सर गेले. पुढच्या महिन्यात मोठ्या दालनाला त्यांचं नाव द्यायचं आहे. पितळी पाटी तयार होऊन आलीय, वर्तमानपत्रात गुंडाळून बाईंच्या दाराशी उभी आहे. सहाशे अकरा हा नमुनाही सरांनीच गोळा केलेला.

"मी आरोप करत नाही," साहेब म्हणाले. याचा अर्थ करत होते. "पण ताव नसला तर फायदा कुणाच्या बहिणीचा, हे शेंबडं पोरही सांगेल. शुक्रवारी अकराला सुनावणी. तोवर ताव मिळाला नाही तर मला पोलिसांत कळवावं लागेल. बाई, नोंद करा."

बाईंनी चहाचा कप उजवीकडे सरकवला, डाव्या हातानं नोंद केली, सही ठोकली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना माझी लाज वाटत असावी असं मला तेव्हा वाटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी उरलेले सहा ताव परत लावायला बसले. बावीस वर्षांची सवय: ताव पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा नाही, सपाट उचलून सपाट ठेवायचा. शेवटचा उचलला तर खाली एक पुडी.

पुड्या असतातच. वाळलेल्या झाडाचं पान, बी, काहीही गळलं तरी आमच्याकडे ते फेकायचं नाही हा नियम. कागदाची पुडी करायची, वर तावाचा क्रमांक टाकायचा आणि तिथेच ठेवायची. ही पुडी मात्र नव्या कोऱ्या कागदाची होती. मी उघडायला गेले तर अंगठा दोनदा नुसताच घसरला. म्हटलं, घाबरलीस गं बये. उघडली तेव्हा आत फासवेलीची अर्धी शेंग. कागद टेबलावरच्या कॅलेंडरचा, कालच्या मंगळवारचा. वर पेन्सिलीनं आकडा: ६११.

म्हणजे ताव काल काढला. काढताना शेंग तुटून पडली. आणि चोरानं चोरी करता करता ती पुडीत बांधून ठेवली!

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. कारण पुडीची घडी मी बघितली. तीन घड्या, कोपरे आत, शेवटचा पदर खिशासारखा खोचलेला. असली घडी या इमारतीत मीच घालते. ती माझीच घडी होती.

३

पुडी मी साहेबांना दाखवली नाही. ब्लाउजच्या आत ठेवली. पुरावा सापडला आणि तो माझ्याच गळ्यात बसणारा, याला म्हणतात नशीब!

रात्रभर विचार केला. ताव चोरून धाकटीला काय मिळणार? काही नाही. संगणकात नोंद आहे, नकाशा आहे, ठिपका आहे. उलट ताव गेल्यानं तो ठिपका खोडून काढायची सोयच गेली. म्हणजे ज्यानं कुणी नेला, त्याला तो कागद वाचला जायला नको होता.

गुरुवारी सकाळी आधी पिनकाकांना गाठलं. ते आमचे शिपाई, दालन उघडायचं काम त्यांचं. दिसेल त्या कागदाला पिन मारतात. त्या पिना गंजतात म्हणून माझी त्यांच्याशी रोज एक लढाई ठरलेली.

"काका, मंगळवारी कपाटांकडे कोण कोण आलं?"

"तू आलीस. नकाशेवाला आला. बाई आल्या. मी झाडू मारला." मग त्यांनी आवाज खाली केला. "ताई, घेतला असशील तर गुपचूप ठेवून दे. मी पाहिलं नाही म्हणेन."

एवढं वाईट वाटलं म्हणून सांगू! पण रडायला वेळ नव्हता. खिडकीतल्या कुंडीतून चार बिया काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. "एवढी पुडी बांधून द्या."

काकांनी कागदाचा बोळा केला आणि त्याला खटाखट दोन पिना मारल्या. काका सुटले.

नकाशेवाला वरच्या मजल्यावर बसतो. तिशीतला, हुशार, पेनांची टोपणं चावून चावून संपवणारा. या नकाशावर त्याची बढती अडकलेली. मला बघून तो उठूनच उभा राहिला.

"ताई, शपथ घेऊन सांगतो, मी ताव बघितलेलासुद्धा नाही. माझं सगळं काम संगणकातल्या नोंदींवरून."

"एकदाही नाही?"

"जिल्ह्यातल्या सगळ्या झाडांच्या मिळून बारा हजार नोंदी आहेत. बारा हजार ताव कोण उघडणार?"

मी त्याच्याही हातावर बिया ठेवल्या. त्यानं खणातून चेनवाली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि त्यात टाकल्या. आमच्या संग्रहात प्लॅस्टिक आणलं तर बाई खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. हाही सुटला.

तरी मी निघाले नाही. भिंतीवर तो नकाशा होता. बाबांच्या जागेवरचा लाल ठिपका मला डोळ्यांत कुसळासारखा खुपत होता.

"हा ठिपका नेमका कुठे आहे? मोठं करून दाखव."

त्यानं पडद्यावर मोठं केलं. ठिपका आमच्या सिमेंटच्या पाण्याच्या टाकीवर होता. बरोबर मधोमध. बाबांनी वेल काय टाकीत लावली होती?

"याच जागेवर दुसऱ्या कुठल्या झाडाची नोंद आहे का?"

"असेल." त्यानं बटण दाबलं. यादी उघडली. सदतीस नोंदी. त्याच टाकीवर, एका बोटाचाही फरक नाही. सरोवरात तरंगणारी वनस्पती. डोंगरमाथ्यावरच्या खडकात येणारं नेचं. खाऱ्या पाण्यातलं गवत.

"खाऱ्या पाण्यातलं गवत?" मी म्हटलं. "माझ्या बापाच्या टाकीत समुद्र होता का रे?"

त्याच्या तोंडातलं टोपण खाली पडलं.

४

"ताई, माझी चूक झाली," तो खुर्चीत बसला. चेहरा कागदासारखा पांढरा. "पूर्वी कुणीतरी नोंदी भराभर संगणकात घातल्या. ज्यांची जागा टाइप केली नाही, नुसता जिल्हा टाकला, त्यांना संगणक आपोआप जिल्ह्याचा मध्यबिंदू देतो."

"आणि जिल्ह्याचा मध्यबिंदू..."

"तुमची टाकी."

बाबांनी टाकी बांधली तेव्हा ती जिल्ह्याच्या बेंबीवर येतेय हे त्या माणसाला स्वप्नातसुद्धा ठाऊक नव्हतं. आणि त्यापायी त्यांच्या लेकीच्या फाटकावर दगड पडत होते.

"मग उद्या समितीला सांग की!"

"सांगेन. माझी बढती गेली खड्ड्यात, सांगेन. पण ते विचारतील, मग खरी जागा कोणती? ती फक्त तावावरच्या चिठ्ठीवर आहे. आणि ताव..." तो अडखळला. "ते म्हणतील, चिठ्ठीवर रोपवाटिकाच लिहिली होती, म्हणून बहिणीनं ताव पळवला."

बरोबर बोलत होता. मी खाली येऊन धाकटीला फोन लावला.

"ताई, कामगार गेले सोडून," ती म्हणाली. "जाळणारच आहेत तर पाणी कशाला घालायचं म्हणाले. मीच घालतेय."

"ऐक. आपल्याकडे फासवेल आहे ना कुंपणाला? तिचं सगळ्यात जाड खोड केवढं?"

"तुला आत्ता खोड सुचतंय?"

"बघून सांग गं बाई!"

ती जाऊन आली. "अंगठ्याएवढं. त्याहून जाड एकही नाही."

मी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून संस्थेचं मागचं कुंपण दिसतं. तिथली फासवेल मी दर महिन्याला शिव्या घालत कापते, ती दर महिन्याला पुन्हा येते. तिचं बुडखं माझ्या पोटरीएवढं आहे, म्हणजे रोपवाटिकेतल्या वेलीहून कितीतरी जुनं. बावीस वर्षं रोज बघतेय. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मी पुडी बाहेर काढली. आता हात स्थिर होते. पुन्हा घडी घातली, पुन्हा उघडायला गेले, आणि अंगठा पुन्हा घसरला. भीतीनं नव्हे. मी शेवटचा पदर उजवीकडून खोचते, माझी पुडी उजवीकडून उघडते. ही डावीकडून उघडत होती.

घडी माझी होती, हात माझा नव्हता. ही घडी मी बावीस वर्षांपूर्वी कुणाकडून शिकले ते मला आठवलं, आणि मी टेबलाचा कोपरा धरला.

५

प्रमुखबाई खोलीत एकट्याच होत्या. दाराशी गुंडाळलेली पाटी. कपाटावर सरांच्या झाडं दाबायच्या दोन लाकडी फळ्या, चामडी पट्ट्यांनी आवळलेल्या. आठवण म्हणून ठेवलेल्या, कधी कुणी हात न लावलेल्या.

मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली. बोलायचं बरंच ठरवून आले होते, तोंडातून एवढंच निघालं, "डावीकडून उघडते, बाई."

त्यांनी डाव्या अंगठ्यानं ती एका झटक्यात उघडली.

"शेंग खाली पडली," त्या हळूच म्हणाल्या. "तशीच टाकून जायला हवं होतं. नाही जमलं."

"मला माहितेय. म्हणूनच तुम्ही ताव जाळलाही नसणार, फाडलाही नसणार. त्याची घडी घालता येत नाही, उघडा ठेवला तर किडे खातात. सपाट, कोरड्या जागी दाबूनच ठेवावा लागतो." मी कपाटावर बोट दाखवलं. "त्या फळ्यांवर वर्षाची धूळ आहे. पट्ट्यांवर नाही."

त्यांनी स्वतःच फळ्या खाली काढल्या. पट्ट्या सोडल्या. मधोमध, दोन टीपकागदांच्या आत, सहाशे अकरा होता. सरांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: 'फासवेल. संस्थेची मागची बाग, कुंपणाजवळ. शोभेसाठी लावलेली.'

"समितीसमोर ठेवायचा म्हणून मंगळवारी मी काढून वाचला," बाई म्हणाल्या. "माझ्या बाबांनी आणली. हौसेनं. त्यांच्या नावाची पाटी दारात आलीय, आणि जगाला काय कळणार? की अर्ध्या जिल्ह्याच्या बागा यांच्या हौसेपायी गेल्या?"

आता माझा संताप मला आवरेना.

"म्हणून माझ्या बापाच्या माथी? तो नव्हता का कुणाचा बाबा? माझी बहीण तीन दिवस फाटकाआड बसलीय, बाई! काल तुम्ही साहेबांसमोर म्हणालात, ही असं करणार नाही. तुम्हाला माहीतच होतं!"

"तुला काही होऊ दिलं नसतं मी."

"आणि तिला?"

मी ताव माझ्याकडे ओढला. सपाट, सवयीनं. तेव्हा मला दिसलं की खालच्या डाव्या कोपऱ्यात, वेलीच्या पानांमागे अर्धी झाकलेली, आणखी एक चिठ्ठी आहे. नंतरची, वेगळ्या शाईतली. अशा चिठ्ठ्या आमच्याकडे लावतात, मूळ नोंदीत काही भर घालायची असली की. मी मान वाकडी करून ती वाचली, आणि माझा राग जागच्या जागी बसला.

"बाई, ही वाचलीत?"

त्यांनी डोळे मिटले. "वाचली."

"मोठ्यानं वाचा."

"नको."

"मग मी वाचते."

६

शुक्रवारी अकराला मी वाचली नाही. बाईंनीच वाचली.

समितीचे पाच जण, साहेब, नकाशेवाला, धाकटी माझ्या शेजारी. तिचे हात बर्फ झाले होते. आधी नकाशेवाल्यानं टाकीची गोष्ट सांगितली, स्वतःची चूक न लपवता. मग बाई उठल्या, ताव टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा चोरीला गेला नव्हता. मी लपवला होता. संग्रहातल्या कुणाचाही यात दोष नाही." साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. पिनकाका दाराशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

मग बाईंनी पहिली चिठ्ठी वाचली. दुसरी वाचताना त्यांचा आवाज दोनदा तुटला.

'ही वेल मीच आणून लावली. आज कुंपणाबाहेरच्या आंब्यावर चढलेली पाहिली. माझी चूक झाली आहे. ही दिसेल तिथे मुळासकट काढावी, आणि कुणी विचारल्यास माझं नाव सांगावं.' खाली सही आणि तारीख, एकोणतीस वर्षांपूर्वीची.

एकोणतीस वर्षं तो कागद कपाटात होता. नोंदी घालणाऱ्यानं जागाच टाइप केली नाही, तिथे ही चिठ्ठी कोण वाचणार? माणसानं कबूल केलं, वर चिकटवून ठेवलं, आणि आम्ही दार लावून घेतलं. मी तरी कुठे उघडला होता तो फोल्डर?

समितीनं रोपवाटिकेवरची कारवाई तिथल्या तिथे मागे घेतली. धाकटी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले, मलाही दुसरं काही सुचेना.

दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. चाव्या त्यांनी साहेबांकडे दिल्या होत्या. पुढे चौकशी होईल, पेन्शनचं काय होईल ते देव जाणे. पितळी पाटी परत पाठवायचं त्या म्हणत होत्या.

"कशाला?" मी म्हटलं. मला त्यांचा राग होता, अजूनही आहे. पण खोटं बोलवेना. "तुमच्या वडिलांनी काही लपवलं नव्हतं, बाई. ते तुम्ही लपवलंत."

त्यांनी मान हलवली. पुडीतली शेंग काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी ब्रशनं खळ लावली आणि सहाशे अकराच्या वेलीवर, तुटली होती तिथेच, ती बसवली. बाई तोवर उभ्याच होत्या. मग गेल्या.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. मागून पाइपच्या पाण्याचा आवाज येत होता.

"एक कामगार परत आला," ती म्हणाली. "ताई, बाबांच्या फोटोपुढे उभी आहे मघापासून. काय सांगू त्यांना?"

"सांग, ठिपका टाकीवरून हलला."

"कुठे गेला?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. नकाशेवाला आणि पिनकाका कुदळ घेऊन कुंपणाशी वाकले होते, आणि ते पोटरीएवढं बुडखं काही केल्या निघत नव्हतं.

"माझ्या खिडकीखाली," मी म्हटलं. "ठेव आता, मला खाली जायचंय. त्या दोघांच्यानं नाही व्हायचं."